खिडकीची जाळी

दसऱ्याच्या पूजेला गाडी घरी आणायची, हा हट्ट नीताचाच होता. पण आखातातल्या अल दुहैलच्या कंपाउंडमध्ये ट्रेलर वळला, त्यावरची निळी गाडी दिसली आणि तीच खिडकीशी थबकली. शर्यतीत भिंतीला धडकून चेपलेली बाजू सुनेच्या वडिलांनी, हॅरीने, ठोकूनठाकून सरळ केली होती. नवा रंगही दिला होता, पण तो जुन्या निळ्याशी मेळ खात नव्हता. नीताची नजर नेमकी तिथेच जाऊन बसली.

"चारू, दिसतेय का गं?" तिने मोबाइल खिडकीकडे फिरवला. नाशिकहून बहीण चारुलता व्हिडिओ कॉलवर होती. "हीच ती. दिसायला रस्त्यावरच्या गाडीसारखी, पण दारं मेली वेल्डिंग करून बंद केलीयत. खिडकीतून आत शिरायचं."

"आणि तुझी सून शिरते?"

"शिरते म्हणजे? खारीसारखी!"

दीड वर्षापूर्वी हेच वाक्य नीता कपाळाला हात लावून म्हणाली असती. शौनकने वसईच्या ख्रिश्चन मुलीशी, तीही हॉस्पिटलात एक्स-रे काढणारी आणि सुट्टीच्या दिवशी शर्यतीत गाडी चालवणारी, लग्न केलं. तेव्हापासून नीता सुनेशी कधी वाकडं बोलली नव्हती. ती तिच्याशी पाहुण्यासारखी गोड वागायची. घरात कुणाला एकटं पाडायचं असेल तर याहून सोपी रीत नाही. ॲश्लिनही बिचारी पाहुण्यासारखी राहायची, चहाचा कप स्वतः धुऊन पालथा घालून ठेवायची.

मग एकदा कपडे बदलताना सुनेची पाठ दिसली. शर्यतीच्या कडक सीटने काळीनिळी पडलेली. नीताने आईची जुनी सुती लुगडी काढली, धावदोरा घालत बसली आणि जाडजूड गोधडी शिवून तिला काळी खोळ चढवली. दृष्ट लागू नये म्हणून काळी. "ही घे बाळा, सीटवर घाल. पाठीला मऊ लागेल." बाळा. हा शब्द तिच्याही नकळत निघून गेला होता. ॲश्लिन गोधडी छातीशी धरून स्वयंपाकघरातच रडायला लागली.

त्यानंतरच्या पहिल्याच शर्यतीला नीता ट्रॅकवर गेली. शहराबाहेर शमालच्या रस्त्यावर वाळूत बांधलेला तो लंबगोल ट्रॅक तिने जन्मात पहिल्यांदा पाहिला, आणि त्याच दिवशी गाडी भिंतीला लागली. शौनकने तिला आधीच समजावून ठेवलं होतं. ड्रायव्हरच्या खिडकीला जाळी असते. धडक झाली आणि ड्रायव्हर ठीक असला, की तो आतून जाळी सोडतो. जाळी खाली पडली की समजायचं, माणूस शुद्धीवर आहे. त्या दिवशी जाळी पडता पडत नव्हती. नीताने त्या जाळीकडे बघत जेवढे देव आठवतील तेवढे आठवले, माउंट मेरीसुद्धा.

"माझ्या गोधडीनं वाचवलं गं पोरीला," ती आता फोनवर हळू आवाजात म्हणाली. "नुसत्या कॉलरबोनवर निभावलं. पण कुठं बोलू नकोस हं. तिच्या वडिलांना गाडीत असलं काही खपत नाही. आमचं दोघींचं गुपित आहे ते."

धुऊन, उन्हात वाळवून, हळदीकुंकवाचं बोट लावलेली गोधडी सोफ्यावर तयार होती. आज गाडीच्या पूजेत तीही ठेवायची, असं नीताने मनाशी पक्कं केलं होतं.

* * *

हॅरीने सुकेळ्यांचं पुडकं डायनिंग टेबलावर ठेवलं आणि कुठे बसावं ते न कळून उभाच राहिला. वसईहून येणारा कुणीही ही सुकवलेली केळी आणायचा आणि हॅरी ती न चुकता व्याह्यांकडे पोचवायचा. एरवी नीताचा नवरा गिरीश पुडकं तिथल्या तिथे फोडायचा. आज त्याने "शुक्रन" म्हणत कोरडे आभार मानले आणि पुडकं बाजूला सरकवलं.

हॅरीला ते लागलं. त्याने आयुष्यभर दुसऱ्यांच्या गाड्या दुरुस्त केल्या होत्या. स्वतःची म्हणावी अशी ही एकच गाडी त्याने बांधली होती, आणि तीत स्वतःची मुलगी बसवली होती. अपघात झाल्यापासून बायको बेट्टी वसईहून रोज फोनवर एकच सांगत होती, गाडी विकून टाक. हॅरी हो-ना काही म्हणत नव्हता.

"हॅरी, राग मानू नका," गिरीश म्हणाला. "पूजा होईल सावकाश. पण आमच्या प्लांटवर माणूस जखमी झाला की आम्ही आधी चौकशी करतो. का झालं, ते विचारायचं. उत्तर आलं की त्या उत्तराला परत 'का' विचारायचं. पाच वेळा. मुळापर्यंत गेल्याशिवाय ते काम पुन्हा सुरू होऊ द्यायचं नाही."

"विचारा की. मी कुठं पळून चाललोय?"

"बाबा, आज सण आहे," शौनक म्हणाला.

"म्हणूनच. पूजा करून तिला परत त्या गाडीत बसवणार ना आपण? मग आजच."

गिरीशने श्रीखंडासाठी मांडलेल्या दोन वाट्या जवळ ओढल्या. गॅस कंपनीच्या सेफ्टी विभागात सगळी नोकरी घालवलेला माणूस. घरात कुणाचा हात पोळला तरी तव्यापासून चौकशी सुरू करायचा. "ही ॲश्लिन. ही पुढची गाडी. ती फिरली आणि आडवी झाली. इथवर बरोबर?"

"बरोबर," ॲश्लिन म्हणाली. तिचा डावा हात अजून झोळीत होता.

"मी वर स्टँडवर होतो," शौनक एकदम बोलला. "रेडिओवर तिला मीच सांगत होतो, वरून जा, भिंतीच्या बाजूनं, वर मोकळं आहे. आणि तेवढ्यात ती गाडी वर सरकली. माझंच चुकलं, बाबा. लिहून घ्या हवं तर."

"तू सांगितलंस तेव्हा मोकळंच होतं," ॲश्लिन म्हणाली. "गाडी फिरते तेव्हा ती कुठं थांबणार हे तिच्या ड्रायव्हरलासुद्धा कळत नसतं. तुला कुठून कळणार?"

"मग तू ब्रेक नाही लावलास?" गिरीशने विचारलं.

"लावला. मग सोडला."

"सोडला?"

"समोर त्या गाडीची ड्रायव्हरची बाजू होती, बाबा. आत माणूस दिसत होता मला. ब्रेक दाबून ठेवला असता तर चाकं जाम झाली असती, गाडी वळलीच नसती. सरळ त्याच्या अंगावर गेले असते. ब्रेक सोडला म्हणून वळता आलं. आणि भिंत तिरकी घेतली. तिरकी घेतली की गाडी घासत जाते, सगळा मार एका जागी बसत नाही."

हॅरी मान खाली घालून ऐकत होता. हे त्यानेच तिला शिकवलं होतं, रिकाम्या पार्किंगमध्ये, टायर एकावर एक रचून. तेव्हा ती हसायची, म्हणायची, पपा, धडकायचं कसं हे कुणी शिकवतं का? आज या टेबलावर ते ऐकताना त्याचा ऊर भरून आला, पण हे दाखवायला आजचा दिवस बरा नव्हता.

"म्हणजे अपघात तू निवडलास," गिरीश म्हणाला. त्याच्या आवाजात नाही म्हटलं तरी आदर होता.

"दोनातला बरा तो निवडला."

"ठीक. गाडीची बाजू चेपली, पण आतला लोखंडी पिंजरा वाकला नाही, डोकं-मान सगळं नीट. मग हाड का मोडलं?"

"पट्ट्यामुळे," हॅरी म्हणाला. "खांद्यावरचा पट्टा बसला."

"पट्टा तर वाचवायला असतो. घट्ट पट्ट्याने वळ उठेल, हाड कसं मोडेल? पट्टा ढिला होता का?"

"मी बोल्ट काढून बघितले. कडी बघितली. विणकाम बघितलं. कुठं काही सुटलेलं नाही."

"पण आवळला कोणी होता?"

याच प्रश्नाने हॅरीची झोप उडवली होती. "दर वेळी मीच आवळतो. त्या दिवशी ऐन वेळेला चाकाचा नट अडला. मी खाली बसलो होतो. क्लबमधल्या एकाने आवळला."

"म्हणजे तुम्ही बघितलंच नाही?"

"नाही बघितलं."

"तुमची मुलगी आत होती आणि तुम्ही बघितलं नाही!"

"बाबा!" ॲश्लिन म्हणाली.

"बोलू दे त्यांना," हॅरीचा आवाज चढला. "गिरीशसाहेब, तुमची सून झाली त्याच्या आधीपासून माझी मुलगी आहे ती. मला काय वाटतंय ते तुमच्या वाट्यांमध्ये नाही मावायचं."

* * *

आवाज वाढले तशी नीता पुरीचं पीठ तसंच टाकून बाहेर आली. हात पिठाचे, अंगावर पैठणी. नवरा एकदा चौकशीला बसला की समोरच्याला सोलून काढतो, हे तिला पुरतं माहीत होतं. आणि हॅरीभाऊंचा चेहरा तिला बघवेना.

"अहो, सणासुदीला माणसाला घरी बोलवून हे काय लावलंय?" ती म्हणाली. "पट्टा ढिला असेल नाहीतर घट्ट असेल. गोधडी होती ना मध्ये! म्हणून तर हाडावर निभावलं. नाहीतर काय झालं असतं ते नाव काढवत नाही मला."

गिरीशच्या तोंडात पुढचा 'का' तयार होता. तो तिथेच राहिला.

"कुठली गोधडी?" त्याने विचारलं. विचारायची गरज नव्हती. सोफ्यावर काळ्या खोळीतली ती घडी त्याने सकाळपासून चार वेळा ओलांडली होती.

"मी शिवलेली. सॉरी गं ॲश्लिन, बोलले मी. पण आता कशाचं गुपित? खाली आणि पाठीशी घातली होती तिनं. गाडीची तपासणी झाल्यावर हळूच घातली, हॅरीभाऊ ओरडतात म्हणून."

तिने हे इतकं कौतुकाने सांगितलं की गिरीशला तिच्याकडे बघवेना. त्याने हॅरीकडे बघितलं. हॅरी त्याच्याकडेच बघत होता. दोघांनाही एकाच वेळी कळलं होतं, आणि दुसऱ्याला कळलंय हेही कळलं होतं. मऊ वस्तूवरून आवळलेला पट्टा जागच्या जागी घट्ट लागतो. धडकेला ती वस्तू चेपते आणि पट्टा सैल होतो. प्लांटवर उंचीवर चढणाऱ्यांना जाड जाकिटावरून पट्टे आवळू नका, असं गिरीश स्वतः ओरडून सांगत आला होता.

लग्न झाल्यापासून त्याने अर्धी सोडलेली चौकशी नीताला आठवली नसती. आज त्याने वाट्या उचलल्या आणि एकात एक घातल्या.

"खलास," तो म्हणाला. "झालं. पूजेचं बघू. मुहूर्त टळेल."

"हो, हो," हॅरी लगेच म्हणाला. आत्ता भांडणाऱ्या या दोघांचं एवढं एकमत कधी झालं नव्हतं. "गिरीशसाहेब बोलले ते बरोबर आहे, वहिनी. चूक माझी. बाप म्हणून मी बघायला पाहिजे होतं. मी आता या गाडीला हात लावणार नाही. पूजा करा, संध्याकाळी ती स्क्रॅपमध्ये देतो. पोरगी जिवंत आहे, बस्स."

"स्क्रॅपमध्ये?" शौनक उठलाच.

"इन्शाल्ला, सगळं नीट होईल," गिरीश उगाच म्हणाला आणि सुकेळ्यांचं पुडकं फोडायला लागला.

* * *

ॲश्लिनला दोघं काय करतायत ते कळलं. पपा खोटं बोलत होते. आयुष्यात गिऱ्हाइकाला साधा जुना नटही नवा म्हणून न विकलेला माणूस, तिच्या सासूसाठी खोटं बोलत होता. आणि त्यापायी गाडी मोडीत जाणार होती. हॅरीने पट्टे ढिले सोडले, हे या घरात कायमचं ठरून जाणार होतं. पुढे कधी कुणी भांडलं की तेच बाहेर निघणार.

खरं बोललं तर 'बाळा' जाणार होतं. ती पुन्हा पाहुणी होणार होती.

हॉस्पिटलात स्वतःचा एक्स-रे तिने स्वतःच आधी वाचला होता. मोडलेलं हाड बघताक्षणी तिला गोधडी आठवली होती. सासूबाई बाहेर बाकावर, तिच्याबरोबर ॲम्ब्युलन्समधून आलेली तीच गोधडी मांडीवर घेऊन थोपटत बसल्या होत्या, म्हणून तिने तोंड मिटून घेतलं. आता मिटून चालणार नव्हतं.

"आई," ती म्हणाली, "पपांची चूक नाही."

"ॲश्लिन, राहू दे," हॅरी म्हणाला.

"नाही पपा. आई, बसा इथं जरा. पट्टा असा अंगाला लागून हवा. मध्ये मऊ काही असलं की धडकेला ते चेपतं. चेपलं की पट्टा सैल. मग अंग आधी पुढं जातं आणि नंतर पट्ट्यावर आदळतं. म्हणून मोडलं हाड."

नीताने पिठाचे हात एकमेकांवर चोळले. "म्हणजे गोधडीनं वाचवलं नाही."

"नाही."

"गोधडीनं मोडलं."

ॲश्लिनने हो म्हणून मान हलवली.

"तुला माहीत होतं हे? घालताना?"

"हो. पहिल्या दिवशी शिकवतात."

"मग का घातलीस?" नीताचा आवाज फाटला. "एवढी शिकलेली तू, तोंडावर सांगायचंस ना, आई, चालत नाही! का घातलीस?"

"तुम्ही मला बाळा म्हणालात," ॲश्लिन म्हणाली. "नको म्हटलं असतं तर तुम्ही परत मला पाहुण्यासारखं 'तुम्ही घ्या ना अजून' म्हणायला लागला असतात."

पुडकं गिरीशच्या हातात तसंच राहिलं. नीता उठली, सोफ्यावरची गोधडी काखोटीला मारली आणि कुणाकडे न बघता बाहेर पडली. शौनक मागे धावला. सगळेच धावले. आता ही गोधडी कचऱ्यात टाकते की सुनेच्या अंगावर, हे कुणाला सांगता आलं नसतं.

ती गाडीच्या खिडकीशी उभी होती. "हॅरीभाऊ, मला आत बसायचंय."

"वहिनी, तुम्हाला नाही जमणार."

"स्टूल आण रे शौनक."

"अगं, नेसूची पैठणी आहे," गिरीश म्हणाला.

"गेली खड्ड्यात पैठणी."

स्टूल आलं. एका बाजूने मुलगा, दुसऱ्या बाजूने नवरा, अशी नीता आधी पायांनी आणि मग कशीबशी बाकीची त्या खिडकीतून आत गेली. पदर पिंजऱ्याच्या नळीला अडकला, बांगडी कुठेतरी वाजली. दुसरा कुठला दिवस असता तर ॲश्लिन हसून लोळली असती.

"आधी ही घालून आवळा," नीता गोधडी पाठीशी सारत म्हणाली.

हॅरीने आवळलं. "आता जोरात मागं रेटा," तो म्हणाला. तिने रेटलं, आणि पट्ट्याखालून त्याचा अख्खा पंजा आत गेला. नीताने तो पंजा बघितला. मग गोधडी ओढून काढली आणि खिडकीतून गिरीशच्या हातात दिली.

"आता गोधडीशिवाय आवळा. तिला आवळता तेवढं."

"दुखेल, वहिनी."

"आवळा."

त्याने आवळलं. नीताच्या तोंडून "आई गं" निघालं. "एवढं घट्ट?"

"एवढंच. श्वास घेता येतो ना? बेताचा? तेवढाच पाहिजे."

"गाडी स्क्रॅपमध्ये द्यायची नाही," ती समोर बघत म्हणाली. "आणि पुढच्या शर्यतीला पट्टे आवळताना मला बोलवायचं. कणीक मळून मनगटं घट्ट झालीयत माझी, मीही आवळीन. आता ती जाळी लावा आणि जरा लांब व्हा सगळे."

"कशाला पण?" गिरीशने विचारलं.

"पहिल्यांदाच काहीतरी का म्हणून न विचारता ऐका."

हॅरीने जाळी वर चढवली, खटका लावला आणि मागे सरकला. दुपारचं ऊन पत्र्यावर तापत होतं. काळ्या जाळीआड नीताचा चेहरा दिसेनासा झाला. आतून काही आवाज येत नव्हता. गिरीशने काखेत गोधडी धरली होती आणि सदऱ्याच्या खिशात नाशिकहून आलेली आपट्याची पानं होती. त्यातली दोन त्याने हॅरीच्या हातात ठेवली. हॅरीने ती मुठीत घेतली आणि तो हात तसाच धरून ठेवला.

ॲश्लिनला फक्त जाळी दिसत होती. त्या दिवशी डावा हात उचलेना, तेव्हा उजवा हात छातीवरून आडवा नेऊन तिने तो खटका कसाबसा सोडला होता. बाहेर कुणी वाट बघत असेल, हे तेव्हा तिच्या मनातही आलं नव्हतं. आता ती बाहेर होती. आत एक बाई एकटी बसून स्वतःला काय काय बोलून घेत असेल ते तिला कळत होतं, आणि बाहेरून करण्यासारखं काहीच नव्हतं. तिला पहिल्यांदा कळलं की हे असं असतं. तिने मनातल्या मनात म्हटलं, आई, सोडा. सोडा ना.

शौनक पुढे व्हायला लागला. तिने चांगल्या हाताने त्याला मागे धरलं.

मग आत खटका वाजला आणि जाळी खाली पडली.

नीताचे डोळे लाल होते आणि गालावर पीठ ओलं होऊन चिकटलं होतं.

"बाळा," ती म्हणाली, "यातून सोडव बघू मला. पूजा व्हायचीय अजून."